डबीतले नाणे आणि डबीची किंमत

गेल्या वर्षी चांदीचे घडकाम करणारे एक बांधव आमच्याकडे आले. त्यांनी रुमालात गुंडाळलेली एक डबी काढून टेबलावर ठेवली. तळहातात मावेल एवढी, पारदर्शक प्लास्टिकची, चारही बाजूंनी कायमची बंद केलेली. आत अमेरिकेचे चांदीचे एक डॉलरचे नाणे आणि वर कागदी पट्टीवर ‘एमएस ७०’ असे छापलेले. त्यांचे मेहुणे न्यू जर्सीत असतात. तेथील एका विक्रेत्याकडे असे चाळीस नग असून ते चांदीच्या भावाच्या अडीचपटीने मिळत आहेत, असा निरोप आला होता. मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून हे नग घ्यावेत काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. “साहेब, सत्तरपैकी सत्तर मार्क आहेत, कंपनीचे सील आहे. यात बुडण्यासारखे काय आहे?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला आम्हाला दोन बैठका लागल्या. परदेशात नातेवाईक असलेल्या अनेक कुटुंबांत आता ही डबीबंद नाणी येऊ लागली आहेत. म्हणून त्या दोन बैठकींतील बोलणे येथे सविस्तर मांडत आहोत.

हा धंदा मूळचा अमेरिकेचा. तेथे १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. झिजून कसेबसे ओळखू येणारे नाणे १ आणि निर्दोष नाणे ७०. पुढे हीच पट्टी सर्व नाण्यांना लागू झाली. मात्र नंबर ठरवणारा तोच दुकानदार आणि विकणाराही तोच, अशी स्थिती बरीच वर्षे होती. विकताना जे नाणे ६५ नंबरचे असे, तेच परत घ्यायची वेळ आली की ६३ चे होई. जुन्या मालाच्या बाजारात बसणाऱ्या आपल्या बांधवांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर उपाय म्हणून १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या कंपन्या निघाल्या. फी घेऊन त्या नाणे तपासतात, खरे-खोटे पाहतात, एकाहून अधिक परीक्षकांच्या नजरेखालून घालतात, नंबर देतात आणि डबीत सील करून डबीवर नोंदणी क्रमांक घालतात. बाजारात या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. आपला नंबर चुकला तर भरपाई देण्याची हमीही त्या आपल्या अटींनुसार देतात. जुन्या, दुर्मिळ नाण्यांच्या व्यवहारात या पद्धतीने मोठी सोय झाली यात शंका नाही. हजार मैलांवरचा गिऱ्हाईक नाणे हातात न घेता सौदा करू लागला.

पण नंबर म्हणजे सोन्याच्या शुद्धतेचा कस नव्हे. कसोटीवर किंवा यंत्रावर सोने दहा वेळा लावले तरी उत्तर तेच येते. नाण्याचा नंबर हे जाणकार माणसाने डोळ्यांनी पाहून दिलेले मत असते. ६९ नंबर मिळालेले नाणे डबी फोडून पुन्हा पाठवले तर त्याला ७० मिळाल्याची उदाहरणे आहेत, उलटही घडते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० साली पीसीजीएसच्या जाहिरातींतील दाव्यांबद्दल कारवाई केली होती. कंपनीने दोष मान्य न करता तडजोड केली आणि जाहिरातींत खुलासा देण्याचे कबूल केले. त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडली. सीलबंद नाणी शेअरसारखी न पाहता घेता येतात म्हणून वॉल स्ट्रीटचा पैसा या बाजारात शिरला होता. १९८९ साली भाव शिखराला पोचले आणि १९९० मध्ये कोसळले. डब्या त्याच होत्या, नंबरही तेच होते.

आता नव्या नाण्यांकडे वळू, कारण आमच्या बांधवांच्या हातातले नाणे जुने नव्हते. ते ‘सिल्व्हर ईगल’ होते. हे नाणे अमेरिकन टांकसाळ १९८६ पासून दरवर्षी काढते. वजन एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, चांदी ९९.९ टक्के. हे नाणे बाजारात भाजी घ्यायला कोणी वापरत नाही. यंत्रातून निघते ते नळकांड्यात किंवा डबीत जाते. साहजिकच ते झिजत नाही. ६० पासून पुढचे नंबर चलनात न फिरलेल्या नाण्यांचे. त्यातही नव्या नाण्यांचा सारा खेळ शेवटच्या दोन पायऱ्यांवर, ६९ आणि ७० वर चालतो. साध्या नाण्याच्या नंबरापुढे ‘एमएस’ आणि खास चकाकीसाठी दोनदा-तीनदा ठसा मारलेल्या ‘प्रूफ’ नाण्यापुढे ‘पीआर’ किंवा ‘पीएफ’ असते. एनजीसीच्या व्याख्येप्रमाणे पाचपट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिल्यावर, टांकसाळीतून निघाल्यानंतरचा एकही दोष न दिसणारे नाणे ते ७०. म्हणजे ६९ मध्ये एखादा केसाएवढा ओरखडा असतो. नग काढणाऱ्या, जडावाचे काम करणाऱ्या आमच्या बांधवांची नजर आमच्यापेक्षा कितीतरी तयार. त्यांनाही डबीतून दोहोंतला फरक सांगता आला नाही.

आम्ही त्यांना एका कागदावर तीन रकाने आखून दिले. पहिला धातूचा. दुसरा नाण्याचा, म्हणजे त्या वर्षाचे, त्या टांकसाळीचे किती नग पडले आणि ते मिळवायला लोक किती धडपडतात याचा. तिसरा डबीवरच्या नंबराचा. अडीचपट किमतीतले किती पैसे कोणत्या रकान्यात जातात, हे त्यांनी स्वतः भरावे असे सांगितले. पहिल्या रकान्यातले पैसे चांदीच्या भावाबरोबर वरखाली होतील, पण उद्या कोणत्याही सराफाकडे वसूल होतील. दुसऱ्यातले नाणी जमवणारा शौकीन भेटला तर मिळतील. तिसऱ्यातले मिळण्यासाठी मात्र शौकीन माणूस हवा, त्याला नंबराचे वेड हवे आणि तसाच नंबर असलेले आणखी नग बाजारात आलेले नसावेत.

तिसऱ्या रकान्यातले पैसे कसे वितळतात याचे एक उदाहरण सांगतो.

१९९५ सालचे वेस्ट पॉइंट टांकसाळीचे, ‘डब्ल्यू’ खूण असलेले प्रूफ सिल्व्हर ईगल हे या मालिकेतले सर्वांत नावाजलेले नाणे. मालिकेच्या दहाव्या वर्षानिमित्त टांकसाळीने सोन्याच्या चार प्रूफ नाण्यांचा संच ९९९ डॉलरला काढला आणि त्यात हे चांदीचे नाणे जोडून दिले. ते सुटे मिळतच नव्हते. दरवर्षी एकेक चांदीचे नाणे जमवणारी माणसे चिडली. फक्त चांदीच्या एका नाण्यासाठी हजार डॉलरचे सोने कोण घेणार? शेवटी ३०,१२५ एवढेच नग खपले. म्हणजे दुसऱ्या रकान्यात या नाण्याचे वजन खरोखर आहे. ते पुन्हा पाडले जाणार नाही आणि मालिका पुरी करणाऱ्या प्रत्येकाला ते लागते. ६९ नंबरचा नग तेव्हा काही हजार डॉलरला मिळत असे. पण ७० नंबरचे नग पीसीजीएसच्या डबीत सुरुवातीला अगदी थोडे होते. त्यांतला एक २०१३ साली अमेरिकेतील लिलावात ८६ हजार डॉलरच्या वर गेला. किंमत पाहून ज्यांच्या कपाटात हे नाणे पडून होते त्यांनी ते काढले, ६९ च्या डब्या फोडून पुन्हा पाठवल्या, दुसऱ्या कंपनीच्या डबीतले या कंपनीकडे दिले. ७० ची संख्या वाढत गेली आणि पुढच्या काही वर्षांत त्याच नंबराच्या नाण्याचा भाव त्या विक्रमाच्या एक चतुर्थांशाच्याही खाली आला. त्या पहिल्या गिऱ्हाइकाची फसवणूक कोणी केली नव्हती. नाणे खरे होते, डबी खरी होती, नंबरही खरा होता. त्या नंबराचे नग मात्र वाढत गेले.

या कंपन्या कोणत्या नाण्याला कोणता नंबर किती वेळा दिला याची यादी ठेवतात. तिला ‘पॉप्युलेशन रिपोर्ट’ म्हणतात. आपण तिला नाण्यांची खानेसुमारी म्हणू. विक्रेता ती अभिमानाने दाखवतो, “बघा, जगात फक्त अमुक नग!” वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की जुन्या दुर्मिळ नाण्याची ही संख्या फारशी हलत नाही, पण नव्या नाण्याची जवळजवळ नेहमी वाढतच जाते. शिवाय डबीबाहेर, तपासणीला कधीच न गेलेला माल किती पडून आहे, हे ती यादी सांगू शकत नाही. १९६३ सालचा प्रूफ सेंट घ्या. त्या वर्षी तीस लाखांवर प्रूफ संच पडले. तरी या शतकाच्या सुरुवातीस ७० नंबरचा एक तांब्याचा सेंट ३९ हजार डॉलरच्या वर विकला गेला. तीस लाखांच्या ढिगातून उद्या दुसरा निर्दोष नग निघणार नाही, याची खात्री त्या खरेदीदाराला कोणी दिली होती, देव जाणे.

डबीवरची रंगीत पट्टी हा आणखी एक प्रकार. ‘फर्स्ट स्ट्राइक’, ‘अर्ली रिलीजेस’ असे शब्द असले की भाव वाढतो. ऐकणाऱ्याला वाटते, नव्या ठशाखालून निघालेला पहिला माल. ठसा घासत जातो हे आपल्या कारागिरांना ठाऊक आहे, म्हणून त्यांना हे लगेच पटते. प्रत्यक्षात या शब्दांचा अर्थ साधारणपणे एवढाच की विक्री सुरू झाल्यापासून पहिल्या तीस दिवसांत नाणे कंपनीकडे किंवा तिने मान्य केलेल्या ठिकाणी पोचले. कोणते नाणे आधी पडले, कोणते नंतर, याचा हिशेब आपण ठेवत नाही, असे अमेरिकन टांकसाळीनेच सांगितले आहे. शेवटी पाडलेले नाणेही पहिल्या दिवशी पेटीतून निघू शकते. आमच्या बांधवांच्या डबीवरही अशी पट्टी होती आणि तिचे वेगळे पैसे लावले होते.

चांदीचे डाग

आता खास कारागिरांसाठी. नव्या चांदीच्या नाण्यांवर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पांढुरके, दुधाळ ठिपके उमटतात. टांकसाळीत चकती धुतल्यावर द्रावणाचा अंश राहून गेला आणि तशीच चकती तापवली गेली, तर पुढे हे डाग येतात, असे बहुतेक जाणकारांचे म्हणणे आहे. हा त्रास इतका वाढला की कॅनडाच्या टांकसाळीने २०१८ पासून आपल्या चांदीच्या नाण्यांसाठी डाग रोखणारी खास प्रक्रिया सुरू केली. डबी सीलबंद आहे म्हणून डाग येणार नाहीत, असे मुळीच नाही. आणि डाग आला तर ७० नंबर पट्टीवर राहतो, गिऱ्हाईक मात्र जातो. कंपन्यांच्या हमीच्या अटी वाचाव्यात. अशा डागांची आणि तांब्याच्या बदलत्या रंगाची जबाबदारी त्या सहसा घेत नाहीत.

आणि डाग पुसायचा नाही! हे सांगताना आमचीच एक चूक कबूल करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्हाला एक प्रूफ नाणे भेट मिळाले होते. थोडे काळवंडले म्हणून आम्ही ते पेटीतून काढून दागिन्याच्या पॉलिशने स्वच्छ घासले. मोठ्या अभिमानाने एका नाणेवाल्याला दाखवले. त्याने भिंग लावले, परत दिले आणि म्हणाला, “चाचा, आता हे वजनाने विका.” आपल्या धंद्यात चकाकीला पैसे मिळतात. नाण्यांत मूळ पृष्ठभागाला मिळतात. घासलेले नाणे तपासणीला पाठवले तर कंपनी त्याला नंबर न देता ‘साफ केलेले’ अशी नोंद करून परत करते, फी मात्र जाते.

सुट्या नाण्यांतही एक मेख आहे. मोठे व्यापारी शंभर वा अधिक नग एकगठ्ठा पाठवतात आणि ठरावीक नंबराखालचे नग सील न करता परत करा, असे आधीच सांगून ठेवतात. ते परत आलेले नग पुढे टांकसाळीच्या मूळ पेटीत सुटे म्हणून विकले जाऊ शकतात. ‘न तपासलेले’ म्हणून घेतलेला माल अशा रीतीने तपासून नाकारलेला असू शकतो. ‘यातून ७० निघेल’ या आशेवर सुटा माल घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

तरीही कोणी म्हणेल, सुटे घेऊन स्वतः तपासणीला पाठवू, ६९ आले तर आले. त्यांच्यासाठी आम्ही हिशेब मांडला. आकडे समजण्यापुरते आमच्या मनाचे आहेत, ज्याने त्याने आपले भरावेत. धातूची किंमत नगाला १०० धरू. वीस नग १२० ने घेतले, २४०० झाले. फी, जाण्यायेण्याचा खर्च आणि विमा मिळून नगाला ७०, म्हणजे १४००. एकूण ३८०० गुंतले. बारा नगांना ७० मिळाले आणि ते २५० ने विकले, ३००० आले. आठ नगांना ६९. साध्या वर्षाचा ६९ धातूपेक्षा थोडाच वर जातो, म्हणून १४० धरू, ११२० आले. एकूण ४१२०. वाटते, ३२० सुटले. पण लिलाववाल्याचे दहा टक्के गेले की हाती ३७०८ राहतात, म्हणजे ९२ चा तोटा. बाराऐवजी आठच नग ७० चे निघाले, तर तोटा ४८८. यात माल भारतात आणण्याचे सीमाशुल्क आणि डॉलरच्या भावाची घसरण-चढ धरलेलीच नाही. त्यासाठी आधी सीमाशुल्काच्या जाणकार दलालाला विचारावे. चांदी आणि उधारी एकत्र आली की शरीयतचा प्रश्नही उभा राहतो. तेव्हा हप्त्यावर किंवा ‘माल नंतर, पैसे आधी’ अशा बोलीवर सौदा करण्यापूर्वी आलिमांना विचारून घ्यावे.

डबी हाती आल्यावर

घ्यायचेच झाले तर डबी आधी पाहावी. नोंदणी क्रमांक कंपनीच्या नोंदीत ताडून पाहता येतो आणि अनेक नाण्यांचे छायाचित्रही तेथे असते. छायाचित्रातला डाग, ओरखडा हातातल्या नाण्यावर आहे का, हे जुळवावे. केवळ क्रमांक जुळला म्हणून भागत नाही, कारण बनावट डबीवर दुसऱ्या खऱ्या नाण्याचा क्रमांक छापलेला सापडतो. २००८ च्या सुमारास अशा बनावट डब्यांबद्दल कंपन्यांना जाहीर इशारे द्यावे लागले होते. डबीच्या कडा, जोड, पट्टीवरच्या अक्षरांची ठेवण नीट पाहावी. कंपनीचे नावही पाहावे. कोणीही उठून प्लास्टिकची डबी काढू शकतो आणि वर ७० लिहू शकतो. बाजार ज्यांच्या नंबराला पैसे देतो अशा कंपन्या मोजक्याच आहेत.

भाव विचारताना छापील दरपत्रक पुढे केले जाईल. ते दुकानदाराच्या विक्रीचे असते. आम्ही नेहमी एकच उलटा प्रश्न विचारायला सांगतो: “आज हाच नग मी तुम्हाला विकायला आणला तर काय द्याल?” उत्तर देताना विक्रेता जितका वेळ घेईल, तितका तिसरा रकाना मोठा समजावा. प्रत्यक्ष लिलावात अलीकडे काय भाव लागले, हे पाहणे त्याहून चांगले.

विकताना आपणही तेच पथ्य पाळावे. डाग असेल तर छायाचित्रात दिसू द्यावा आणि लिहूनही द्यावा. मालातला ऐब झाकून विकलेला नग परत येतो, आणि या धंद्यात परतीचा टपालखर्चसुद्धा नफ्याएवढा असतो. नाणे डबीतून काढून दाखवण्याचा आग्रह कोणी धरला तर सौदा मोडावा; डबी फुटली की नंबर गेला.

आपल्याकडेही हे लोण आहे, फक्त रूप वेगळे. वैष्णोदेवीचे चित्र असलेली पाच-दहा रुपयांची नाणी लाखाला जातात, ७८६ नंबरच्या नोटेला अमुक लाख मिळतात, अशा गप्पा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. आपल्या नावाचा वापर करून जुनी नाणी-नोटा खरेदी-विक्रीच्या बहाण्याने फी उकळली जात आहे, असा इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला. आपल्या टांकसाळींचे स्मारक संच प्रामाणिक माल असतो, पण तेथेही पहिला रकाना आधी भरावा. २०२३ साली नव्या संसद भवनानिमित्त निघालेले ७५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे आहे, मात्र त्यात चांदी निम्मीच. बाकी तांबे, निकेल आणि जस्त. पेटी मखमली असली म्हणून ते पस्तीस ग्रॅम चांदीच्या हिशेबाने घेऊ नये.

आमचे बांधव दुसऱ्या बैठकीला कागद भरून घेऊन आले. त्यांनी मेहुण्यांमार्फत त्या विक्रेत्याला उलटा प्रश्न विचारला होता. चाळीस नग परत घ्यायचे झाल्यास तो चांदीच्या भावापेक्षा थोडे अधिक द्यायला तयार होता. रंगीत पट्टीचे काहीच देणार नव्हता. अडीचपटीतला सव्वापटीहून अधिक भाग तिसऱ्या रकान्यात पडला होता. त्यांनी चाळीस नगांचा विचार सोडला. हातातला तो एक नग मात्र परत पाठवला नाही. मुलीच्या लग्नात तो तिला द्यायचा आहे, असे म्हणाले. नंबरासाठी नव्हे, गरुडाच्या पंखांचे बारीक काम त्यांना फार आवडले होते. पिसे कशी कोरली आहेत ते भिंगातून दाखवत ते आमच्याकडे आणखी अर्धा तास बसले.